रंगुबाईनं निवडलेली वाईन

शिरूरच्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर रंगुबाई स्वयंपाकाला होती. धनगराची लेक, मटण नुसतं हातात घेऊन बोकड कोवळा की जून, ते सांगायची. २००४ साली मशिनी बसवायला इटलीहून मार्को नावाचा इंजिनिअर आला आणि त्यानं रेड वाईनमध्ये शिजवलेलं मटण मागितलं.

मॅनेजर पृथ्वीराज पुण्याहून दोन बाटल्या घेऊन आला. "मावशी, लाल बुचाची साधी हाय, ती मटणात घाला. काळ्या बुचाची भारी, ती टेबलावर. वाईनमधलं मला समजतं."

तो गेल्यावर रंगुबाईनं दोन्ही चाखल्या. लालवाली नुसती आंबट. काळीनं जीभ आवळली, मग जांभळासारखी चव मागं ठेवली. तिनं दुसऱ्यांदा चाखली, खात्रीसाठी. तिसऱ्यांदा मात्र खात्री झालेलीच होती.

बोकडाची अख्खी मांडी तिनं तेलात चहूकडून लाल केली. कांदा, गाजर, लसूण, चार मिरं घातली आणि भारी बाटली पातेल्यात रिती केली. झाकणाला कणीक लावून तीन तास मंद आचेवर ठेवलं. मग रिकाम्या भारी बाटलीत साधी वाईन ओतून बूच दाबलं.

जेवताना पृथ्वीराजनं ग्लास गोल फिरवला, हुंगला, डोळे मिटले. "भारी मालाचा वासच सांगतो." रंगुबाई दारात पदर तोंडाला लावून उभी.

मार्कोनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग चपातीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला, अन् सरळ रंगुबाईकडं बघितलं. जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन त्यानं हळूच विचारलं, "गुड वाईन... पातेला?"

"व्हय," रंगुबाई म्हणाली. "मटणाला तीन तास तिच्यात ऱ्हायचं व्हतं. तुमी तर घोटात गिळणार."

त्याला किती कळलं कोण जाणे, पण तो ओट्याला टेकून पोट धरून हसला.

पुढच्या शनिवारपासून त्यानं बाटल्या आधी तिच्यापुढं ठेवायला लावल्या. आमच्याकडं इटलीत स्वयंपाकीणच वाईन निवडते, असं त्यानं पृथ्वीराजला सांगितलं; पृथ्वीराज म्हणाला, मला ठाऊक आहे.

एका शनिवारी रंगुबाईनं दोन्ही बाटल्या नापास केल्या आणि टेबलावर ताकाचा तांब्या ठेवला. दोघंही मुकाट प्याले.