फ्रीजवाल्या काकूंचं नाक

दूध नासणार आहे हे आदल्या दिवशीच ज्यांच्या नाकाला कळायचं, त्या या काकू. गल्लीच्या टोकाला त्यांचं दुधाचं छोटंसं दुकान होतं आणि त्यात माणसाच्या उंचीचा एक फ्रीज. त्याचं दार कोणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की काकू खेकसायच्या, "थंडी पळाली ना सगळी!" म्हणून गल्लीने त्यांना फ्रीजवाली काकू करून टाकलं होतं. नवरा लवकर गेला, मुलाला त्यांनी याच दुकानावर वाढवलं, आणि त्यांच्याकडचं खाऊन कधी कोणाचं पोट बिघडलं नव्हतं. याचा त्यांना ताठा होता. असायलाच हवा होता म्हणा.

त्या मऊ चीज करायच्या, तेही न तापवलेल्या दुधाचं. "तापवलं की चव मेली," असं त्यांचं ठाम मत. सुनेला दिवस गेले तेव्हा त्यांनी खालच्या कप्प्यात, सगळ्यात गार जागी, तिच्यासाठी वेगळा डबा ठेवला. मुलानेसुद्धा त्याला हात लावायचा नाही. रोज डबा उघडायच्या, वास घ्यायच्या आणि मगच सुनेच्या बशीत वाढायच्या. सूनही मिटक्या मारत खायची.

सातव्या महिन्यात तिला बारीक ताप आला. दोन दिवसांत उतरलाही. मग बाळ हलायचं थांबलं.

गेलेल्या बाळाच्या तपासणीत एक जंतू सापडला, आणि त्या डब्यातल्या चीजमध्येही तोच निघाला. डॉक्टरबाईंनी काकूंना समोर बसवून समजावलं.

"हा जंतू मातीतला, गोठ्यातला. तिथून कच्च्या दुधात येतो. थंडीत बाकीचे जंतू गारठतात. याच्याकडे अशी जनुकं आहेत, की थंडीतही याचं आवरण कडक होत नाही, म्हणून तो फ्रीजमध्येही हळूहळू वाढत राहतो. पोटातल्या आम्लात तग धरायला याच्याकडे दुसरी जनुकं आहेत. आणि अंगाची ऊब लागली की फ्रीजमध्ये गप्प बसलेली तिसरीच जागी होतात. त्यांच्या जोरावर तो पेशींत शिरतो आणि बाळापर्यंत पोचतो."

"पण मी रोज वास घेत होते," काकू म्हणाल्या.

"याला वास येत नाही हो. चवही बदलत नाही. तुमच्याआमच्यासारख्यांना बहुतेक वेळा काही होतही नाही. तुम्हाला कळणार कसं?"

काकूंना जनुकांचं फारसं समजलं नाही. ज्या थंडीवर त्यांनी जन्मभर डोळे मिटून विश्वास टाकला, तिनेच त्या जंतूला सांभाळलं, एवढं मात्र समजलं. आणि वाढलं त्यांनीच, स्वतःच्या हाताने, आग्रह कर-करून.

घरात त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. मुलगा जेवला की लगेच उठून जायचा. सून पूर्वीसारखंच "आई, पाणी देऊ का?" विचारायची, पण काकूंसमोर तिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नाही. काकूंनी दुकान बंद केलं, फ्रीजची वायर काढली. रिकाम्या फ्रीजचं दार आता दिवसभर उघडंच असायचं.

वर्षभराने सुनेला पुन्हा दिवस गेले. एका सकाळी तिने दूध उकळलं, निवू दिलं, पेल्यात ओतलं आणि काकूंपुढे धरलं.

"आई, जरा बघता का? चांगलं आहे ना?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सासूचं गेलेलं काहीतरी परत द्यावं असं त्या पोरीच्या मनात होतं, आणि ते काकूंनाही कळलं. त्यांनी पेल्याचा वास घेतला. सवयीने तोंडातून निघून गेलं, "चांगलं आहे."

सुनेने पेला ओठांना लावला, तोच काकूंनी तिचं मनगट धरलं.

"नको गं. माझ्या शब्दावर नको पिऊस."

सुनेने पेला खाली ठेवला आणि सासूसमोर ती पहिल्यांदाच रडली. काकूंनी दूध परत पातेल्यात ओतलं, गॅस लावला. दोघी तिथेच उभ्या होत्या. दूध वर आलं, उतू गेलं, तरी गॅस कोणीच बारीक केला नाही.