गल्लीतला टेबलक्लॉथ

मिरज स्टेशनात मुंबईची सकाळची गाडी लागली तेव्हा माझ्या सासूबाई फलाटावर ट्रंकेवर बसल्या होत्या. दमल्या म्हणून नव्हे, झाकण बसत नव्हतं म्हणून. त्यांनी वजन टाकायचं आणि मी कडी लावायची, असा आमचा संयुक्त उद्योग चालला होता. शेवटच्या क्षणी त्यांनी एक इरकली साडी आत कोंबली होती. मोतिया अंग, गडद लाल काठ. गाडी हलली तशा त्या खिडकीला धरून चार पावलं चालल्या आणि म्हणाल्या, "सुधे, कपडे उन्हात वाळव हो. घरात वाळवलेल्या कपड्याला कोंदट वास बसतो, तो मग जात नाही."

मुलगी साता समुद्रापार चाललेली, आणि आईचं शेवटचं वाक्य कपडे वाळत घालण्याबद्दल! मी मनातल्या मनात हसलो. त्या वयात मी बऱ्याच गोष्टींना मनात हसायचो.

मी बोटीवर सेकंड इंजिनियर होतो. चीफ व्हायचं तर परीक्षा द्यायची, आणि आमच्यातले बरेच जण तेव्हा परीक्षेला ब्रिटनमधल्या एखाद्या बंदराच्या गावी जात. माझ्या वाट्याला साउथ शील्ड्स आलं. लग्नाला आठ महिने झाले होते. टाइन नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं ते गाव. विटांच्या घरांच्या सरळ रांगा, आणि दोन रांगांच्या पाठी अरुंद गल्ली. गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, त्यावर अख्ख्या रांगेचे कपडे. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा महिने काढले. त्या काळाचा आमच्याकडे एकही फोटो नाही. कॅमेरा होता, मी जपानहून आणलेला. त्यात फिल्म पुढे सरकतच नव्हती, हे भावी चीफ इंजिनियरला निघायच्या आठवड्यात कळलं.

मग बोटी झाल्या, मुक्ता झाली, आणि किनाऱ्यावरची नोकरी धरून आम्ही सिंगापूरला आलो. वीस वर्षं होतील. आधी सरकारी इमारतीत आठव्या मजल्यावर भाड्याने राहिलो. तिथे खिडकीबाहेर बांबू लावायची सोय असते. सुधाच्या साड्या त्या बांबूंवर निशाणासारख्या फडकायच्या. खालून येताना आमचं घर मला दुरून ओळखू यायचं. आता ईस्ट कोस्टला कॉन्डो आहे. स्विमिंग पूल आहे, समोर समुद्र आणि त्यात नांगरलेल्या बोटी आहेत, आणि खालून सगळी घरं अगदी सारखी दिसतात.

तर गेल्या वर्षी मला इंटरनेटवर एक ग्रुप सापडला. साउथ शील्ड्सच्या जुन्या गल्ल्यांचे फोटो, आणि खाली तिथल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. मी पाया लेबार भागातल्या ऑफिसात डबा खाता खाता ते फोटो बघायला लागलो आणि वाहावतच गेलो. मिरजेचे फोटो बघून डोळ्यांत पाणी येत नाही माझ्या, आणि या परक्या गावातलं मासे तळायचं दुकान बघून डबा तसाच राहिला. ती नदीवरची फेरीबोट, ते धुक्यात ओरडणारे भोंगे. आणि एक दिवस आमचीच गल्ली आली. आम्ही होतो त्याच सुमाराचा फोटो, काळा-पांढरा. तीन बायका, एक कुत्रा, दोऱ्या, आणि गल्लीच्या आरपार टांगलेलं एक लांबच लांब पांढरं कापड. कडेने गडद काठ.

मी चमचा खाली ठेवला. सासूबाईंची इरकली!

फोटोखाली लिहिलं होतं, 'चॅपलचा टेबलक्लॉथ, धुऊन वाळत घातलेला.' चॅपल म्हणजे तिथलं छोटं चर्च. लिहिणारे टॉम नावाचे आजोबा, जन्म त्याच गल्लीतला.

मी सभ्यपणे लिहिलं की ही साडी आहे, माझ्या बायकोची, आम्ही तिथे राहत होतो. टॉमचं उत्तर आलं, "आमच्या गल्लीत तेव्हा कोणी इंडियन राहत नव्हतं. असतं तर मला आठवलं असतं."

वाचता वाचता माझे कान तापले. अकरा महिने मी या माणसाच्या मागच्या दारावरून कॉलेजला गेलो होतो! रोज सकाळी तो 'मॉर्निंग' म्हणायचा. मला म्हणायचा की कुत्र्याला, हे आता शंकास्पद झालं. आपण एका ठिकाणी जगलो, आजारी पडलो, भांडलो, परीक्षेच्या तोंडी फेरीत नापास होऊन परत पास झालो, आणि कोणीतरी सहज म्हणतो की तुम्ही नव्हतातच. का? तर त्याला आठवत नाही म्हणून.

मग मी पेटलो. गल्लीतल्या दगडांवरून तिची रुंदी काढली, दोरीचा झोळ धरला, कापडाची लांबी काढली आणि मापांसकट ड्रॉइंग काढून ग्रुपवर टाकलं. साडेपाच मीटर! जगात साडीशिवाय दुसरं काय साडेपाच मीटर असतं? उत्तर आलं, "चॅपलची टेबलं लांब होती." दहा-अकरा जण त्या टेबलांच्या आठवणी काढत बसले. कोणी कुठे बसायचं, केक कोण आणायचं. माझ्या ड्रॉइंगकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

"बाबा, इट्स जस्ट क्लॉथ लाह," मुक्ता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "व्हाय यू सो अँग्री?"

तिला काय सांगणार? सगळं आयुष्य मी या गावातून त्या गावात नोकरीमागे गेलो, आणि कुठल्याच गावाच्या फोटोत मी नाही. हा एक होता. मी नाही, निदान आमची साडी तरी. तीही त्यांनी टेबलावर अंथरली.

सुधाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या वाढदिवसाला द्यायचं ठरवलं होतं. फोटो मोठा करून घेतला, सागवानी फ्रेम केली, खाली पितळी पट्टीवर कोरून घेतलं: 'सुधाची साडी, साउथ शील्ड्स.' वाढदिवसाच्या सकाळी तो तिच्या हातात दिला आणि डोळ्यांत पाणी यायची वाट बघत उभा राहिलो.

तिने चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला.

"अहो, हा टेबलक्लॉथ आहे."

"सुधा, नीट बघ. इरकली. आईंनी दिलेली."

"तुम्हीच बघा नीट. चारही बाजूंनी काठ आहे. साडीला चारही बाजूंनी काठ असतो का हो? आणि पदर कुठाय?"

साडेपाच मीटर मोजले मी. झोळ धरला. चार काठ दिसले नाहीत. मुक्ता हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. मीही हसणारच होतो, पण सुधा हसत नव्हती.

"आणि माझी साडी असणारच नाही तिथे," ती म्हणाली. "मी दोनदाच वाळत घातली बाहेर. दोन्ही वेळा काढून, गुंडाळून, ओलीच्या ओली आपल्या दाराशी ठेवलेली मिळाली. कोणी बोललं नाही की दार वाजवलं नाही. पायपुसणं ठेवावं तशी उंबऱ्यापाशी. तिसऱ्यांदा नाही घातली."

"कोणी ठेवली?"

"काय माहीत. सगळ्याच बायका गोड हसायच्या."

"मग कुठे वाळवायचीस?"

"खोलीत. हीटरवर दोरी बांधली होती ना? वर्षभर तिच्याखाली बसून अभ्यास केलात. तुम्हीच म्हणायचात, सुधा, कसला वास येतोय, डोकं चढतंय माझं."

हे मात्र मला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. टॉमला मी विसराळू माणूस म्हणत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमची परीक्षा होती." ती फ्रेम पुसत होती. "आईला पत्रात लिहायचे, इथे ऊन छान पडतं. परत गेल्यावर तिने ट्रंक उघडली, साडी नाकाशी धरली, आणि एवढंच म्हणाली, 'हिला ऊन लागलेलं नाही गं.' मग परत धुतली आणि दोन दिवस अंगणात ठेवली."

मी उठलो आणि लॅपटॉप उघडला. त्या गल्लीला आता असं हाणणार होतो की टॉमचा कुत्रा स्वर्गातून भुंकला असता. पहिलं वाक्य लिहून झालं होतं: 'दुसऱ्याचे ओले कपडे दोरीवरून काढणाऱ्या लोकांनी...'

"ते नंतर लिहा," सुधा मागून म्हणाली. "आधी खाली लिफ्टपाशी काय लावलंय ते वाचून या."

वाचायला जायची गरज नव्हती, कारण ते मीच लिहिलं होतं. मी आमच्या कॉन्डोच्या कमिटीवर आहे. 'बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत. इमारतीच्या शोभेला बाधा येते.' खाली माझी सही, वळणदार. चौथ्या मजल्यावर पुण्याचं एक नवीन जोडपं आलंय, तो आयटीतला, ती घरी. तिच्या साड्या कठड्यावर दिसल्या म्हणून मीच गेलो होतो सांगायला. आपला माणूस म्हणून मराठीत, गोड हसून, वर तिच्या हातचा चहा पिऊन. तिने माझ्यासमोर सगळ्या ओल्या साड्या आत ओढल्या होत्या. मला तेव्हा वाटलं होतं, किती समंजस मुलगी आहे.

लॅपटॉपवरचं पहिलं वाक्य मी खोडलं. मग लिहिलं: 'टॉम, तुमचं बरोबर होतं. तो टेबलक्लॉथच आहे. माझ्या बायकोची साडी या फोटोत नाही, कारण ती दोनदा दोरीवरून काढून ओली आमच्या दाराशी ठेवली गेली आणि नंतर वर्षभर घरात वाळली. आम्ही होतो. सत्तावीस नंबर, वरचा मजला. एवढं फोटोखाली लिहा.'

टेबलक्लॉथवर चार दिवस भांडणारे लोक यावर गप्प. एकाने अंगठा तेवढा दिला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एका बेकरीचा फोटो आला आणि सगळे पावाच्या आठवणींत रमले. मला अजून राग येतो. फोटोत नसलेल्या माणसांची आठवण फोटो बघून कोणाला येणार? आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या मुलीला पुढे सिंगापूर आठवेल तेव्हा त्यात मी असेन, चहाचा कप हातात घेऊन. याचा राग कोणावर काढू?

मिरजेचे सगळे दर सुट्टीत विचारतात, घरी कधी येणार कायमचे? आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, आता हेच घर ना? मी दोघांनाही काहीतरी गोलमाल सांगत आलो. आता एवढंच कळतं, की जिथे ओली साडी आत ओढून घ्यावी लागते तिथे कितीही वर्षं काढली तरी आपण पाहुणेच. आणि ती आत ओढायला लावणारे आपण असलो, तर नुसते आगाऊ पाहुणे.

रविवारी सकाळी मी आधी चौथ्या मजल्यावर गेलो. माफी मागितली. ती मुलगी बिचारी घाबरून म्हणाली, "काका, परत काही चुकलं का?" मग वर येऊन फ्रेमची पितळी पट्टी काढून टाकली. सुधाने कपाटातून इरकली काढली, हाताने धुतली, आणि आम्ही दोघांनी दोन टोकं धरून ती बाल्कनीच्या कठड्यावर पसरली. पूर्ण, पदर बाहेर.

दहा मिनिटांत खालच्या गार्ड अंकलचा फोन.

"सर, सिक्स्थ फ्लोअर, समवन हँग क्लोथ्स. व्हेरी लाँग वन."

"येस, अंकल."

"सर... युअर युनिट, सर."

"आय नो."

तो हळूच म्हणाला, "देन हाऊ, सर?"

मी त्याला सांगितलं, नेहमीची नोटीस छापून वर घेऊन ये, मी सही करतो. पण घाई करू नकोस. काठ जाड आहे, वाळायला दुपार होईल.