करदोड्याखालची खपली

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो, हुद्दा नायक. हवालदार देवराम तोफखान्यात. दोघेही आसगावचे, एकाच वर्गातले. त्या वर्षी धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, आटोपल्यावर दोघांना एकदमच सुटी मिळाली. देवराम सकाळी सहाला विळा घेऊन निघायचा आणि बांधीच्या धुऱ्यावरचं, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावरचं, गवत कापायचा.

दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. तो माझ्याकडेच आला. फौजेतला डॉक्टर म्हणून गावात माझा भाव होता. मी डॉक्टर नव्हतो, पण कुणाला तसं सांगतही नव्हतो. तपासताना कमरेला, करदोड्याखाली, वाटाण्याएवढी काळी खपली दिसली. ती दुखत नव्हती.

"करदोडा घासला असन," मी म्हणालो.

"मलेबी तसंच वाटते."

मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना, तेव्हा त्याची बायको भंडाऱ्याला न्या म्हणाली. गोळ्यांचा कोर्स पुरा होऊ द्या, असं मीच तिला थांबवलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला त्याला धाप लागली. जीपने भंडाऱ्याला पोहोचलो. तिथल्या डॉक्टरांनी करदोडा वर सरकवला आणि विचारलं, "हे कधीपासून?" मी सांगितलं. त्यांनी लगेच सलाइनमधून औषध सुरू केलं. मग मला बाजूला घेऊन समजावलं. गवतात एक अगदी बारीक किडा असतो. या तापाचा जंतू त्या किड्याच्या अंगात जन्मभर राहतो, मादीकडून अंड्यात उतरतो आणि किड्याला फारसा त्रास देत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं जमलेलं असतं. माणसाशी मात्र जमत नाही. चाव्यातून आलेला जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात शिरतो, त्या पाझरतात, फुप्फुसात पाणी भरतं. किडा बहुतेक कपडा आवळलेल्या जागी चावतो आणि तिथे अशी न दुखणारी काळी खपली धरते. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी माणूस बरा होतो.

दुपारी चार चाळीसला देवराम गेला.

तेरवीच्या दिवशी त्याच्या बायकोने मला ओसरीत गाठलं. "भाऊजी, ते खपली तुमी पायली होती ना?"

नाही म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"हो वहिनी, पायली होती. मले समजली नाही."

ती आत गेली.

देवराम लढाईत पडला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्याच स्मारकावर नाही. दरवर्षी त्याच्या तिथीला ती मला जेवायला बोलावते. समोर बसून वाढते. मी ताट रिकामं करूनच उठतो.