खंडव्याला न उतरलेले नीलकंठराव

नीलकंठरावांचा जन्म धारचा, मुंज धारची, लग्न धारचे आणि नोकरी देवासची. ह्या दोन गावांपलीकडे त्यांनी पाहिले ते इंदूर, तेही डोळ्यांच्या औषधासाठी. नर्मदा त्यांनी कधी ओलांडली नाही. तरी दर तिसऱ्या वाक्याला त्यांच्या तोंडी "आमच्या पुण्यात" हे असायचेच. पुण्याला त्यांचा एक चुलतभाऊ होता, तो दिवाळीला पत्र टाकी. त्या पत्रांतून त्यांनी जेवढे पुणे गोळा केले, तेवढ्यावर अख्खा जन्म काढला. डोक्यावरची पुणेरी पगडी इंदूरच्या बाजारातली होती. इतरांच्या मराठीला ते 'रांगडी' म्हणत आणि गवळ्यावर संतापले, की "क्यों भिया, पानी में थोड़ो दूध भी डाल्यो करो" असे अस्सल माळवीत बोलत.

देवासात तेव्हा राज्याच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी, म्हणून दरबारही दोन. नीलकंठराव त्यांतल्या एकाच्या शाळाखात्यात मराठीचे परीक्षक होते. कोणत्या ते सांगत नाही, त्यांचे सोयरे दोन्हीकडे आहेत. शिक्षकांच्या परीक्षेत त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: दिलेले क्रियापद वाच्यार्थाने आणि लाक्षणिक अर्थाने दहा वाक्यांत योजा. उत्तरे त्यांच्या वहीत आधीच असत. 'उतरणे'खाली पहिले वाक्य होते, राजेसाहेब हत्तीवरून उतरले. दुसरे, सेनापतीचा राग उतरला. तिसरे, शत्रूचा चेहरा उतरला. दहावे वाक्य ते जरा थांबून, पगडी सारखी करून वाचत: आम्ही इंदुरास गाडीत बसलो ते थेट पुण्यास उतरलो.

ज्याला परीक्षेत उतरायचे असे, तो ही वही उतरवून घेई. भवानीबाईंनी घेतली नाही.

भवानीबाई बागलीच्या सून. माहेर खानदेशातले, भुसावळच्या बाजूचे. नवरा गेल्यावर ह्या बाई आठ वर्षांच्या लेकीला, विद्युल्लतेला, घेऊन देवासला आल्या आणि कन्याशाळेत हंगामी शिकवू लागल्या. त्या निघताना दिराने बजावले होते, की परीक्षा पास होऊन कायम झाल्या तर ठीक, नाहीतर मायलेकींनी बागलीला परत यावे, मुलीसाठी स्थळ पाहून ठेवले आहे. म्हणजे बाईंचे पास होणे हे त्या पोरीच्या पाटीदप्तराचे भवितव्य होते. शाळाखात्यात हे सगळ्यांना ठाऊक होते, नीलकंठरावांनासुद्धा.

बाईंनी वाक्ये लिहिली ती घरातली आणि वाटेवरची. मुलीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. वैशाखात विहिरीचे पाणी उतरले. बाजारात ज्वारीचा भाव उतरला. सासूच्या मनातून उतरलेल्या सुनेला ताकसुद्धा आंबट मिळते. खंडव्याला छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसावे लागते. अशी दहा. पास व्हायला सात हवी होती. नीलकंठरावांनी चार खोडली. विहिरीच्या वाक्यापुढे लिहिले 'रांगडी', ज्वारीपुढे 'बाजारी', सासूपुढे 'कुलीन स्त्रीस न शोभणारे'. आणि खंडव्याच्या वाक्यापुढे लिहिले, 'असत्य. मध्ये उतरावे लागत नाही.'

बाई पेपर घेऊन थेट शाळाखात्याचे प्रमुख बापूसाहेब यांच्याकडे गेल्या. डोक्यावरचा पदर घट्ट धरून, पण स्वच्छ बोलल्या.

"तीन वाक्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो त्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे. चौथ्याचं तसं नाही. तिथे रूळच बदलतो."

बापूसाहेबांनी शेरा वाचला आणि चष्मा काढून पुसला. बहिणीच्या लग्नाला पुण्याला जाताना त्यांची ट्रंक खंडव्यालाच राहिली होती. वधूचा भाऊ असून ते व्याह्यांच्या अंगरख्यात मिरवले होते. त्यांनी नीलकंठरावांना बोलावून घेतले.

"अण्णा, तुम्ही पुण्याला कसे जाता?"

"इंदुरास बसतो, पुण्यास उतरतो."

"मध्ये कुठे उतरत नाही?"

"मध्ये काय आहे उतरण्यासारखं?"

बापूसाहेब म्हणाले, "अहो, छोटी गाडी खंडव्यालाच संपते. पुढचे रूळ रुंद. पोर असो, म्हातारा असो, बोचकं घेऊन उतरावंच लागतं."

इथे माणूस म्हणू शकला असता, चुकले. एक शेरा खोडला की काम झाले असते. समोर एक बाई उभी होती आणि तिच्या मुलीचे सगळे आयुष्य त्या एका ओळीवर येऊन ठेपले होते. नीलकंठरावांनी पगडी सारखी केली.

"इतर उतारूंना उतरवीत असतील," ते म्हणाले. "आम्हाला कधी कोणी उठवलं नाही."

न केलेला प्रवास खरा ठरावा म्हणून हा गृहस्थ एका पोरीला बागलीच्या बोहल्यावर चढवायला तयार होता. आपण काही वाईट करतो आहोत असे त्याला वाटलेही नसावे. चांगला दुष्टपणा करायलासुद्धा थोडी अक्कल लागते. तीही तिथे नव्हती.

बापूसाहेबांनी स्वतःच्या लेखणीने शेरा खोडला आणि सहाचे सात केले. नीलकंठरावांना मात्र त्यांनी जागेवरून हलवले नाही. सोयऱ्यांचे भय सगळ्यांनाच असते. भवानीबाई कायम झाल्या. बागलीला त्याच दिवशी पत्र गेले, की मुलगी शाळेत जाते आहे, स्थळ सोडून द्यावे.

पुढल्या वर्षी नीलकंठरावांच्या वहीत दहावे वाक्य बदलले होते. आता तिथे, त्यांच्याच वळणदार अक्षरात, खंडव्याला छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत बसावे लागत होते. भवानीबाईंनी ते पाहिले आणि वही मिटून ठेवली.

नऊ वर्षांनी विद्युल्लता पुण्याला पुढे शिकायला निघाली. इंदूरला जाणारा टांगा दाराशी उभा होता. बाई वळकटी बांधत होत्या. तेवढ्यात नीलकंठराव काठी टेकीत आले. पुण्याची हवा, पुण्याचे पाणी, पुण्याचे लोक, सगळे त्यांनी उभ्या उभ्या समजावून दिले. टांगा हलला तेव्हा ते चार पावले बरोबर चालले.

"आणि हे बघ पोरी, खंडव्याला गाडी बदलायची असते," ते म्हणाले. "इकडच्या लोकांना ठाऊक नसतं."

"बरं, अण्णा," विद्युल्लता म्हणाली, आणि तिने आईकडे पाहिले. टांग्यात तिच्या शेजारी बसलेल्या भवानीबाई वळकटीची सुटलेली गाठ पुन्हा आवळत होत्या.