निकाल आधी सांगू नकोस

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी जो गेलो तो दोह्यातल्या एका अमेरिकन कॉलेजात, जिथे मराठीचा एक शब्दही लिहावा लागत नाही. शाळाही इंग्रजीच होती. मराठी मी घरात ऐकली, आईकडून वाचायला शिकलो, आणि लिहिली ती फक्त वसईच्या आत्याला नाताळाच्या शुभेच्छा पाठवताना. आई तिथल्याच मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली आहे. या पानांवरच्या वेलांट्या तिने दुरुस्त केल्या आहेत, बाकीच्या चुका माझ्या. शिवाय मी सांगणार आहे ते फुटबॉलच्या एका मॅचबद्दल, आणि तोही आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अशा गोष्टीसाठी कुणाचा वेळ घ्यावा का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसाकडे जायला मला दुसरी वाट सापडत नाही.

आमच्या कॉलेजचं मूळ ठिकाण अमेरिकेत आहे. तिथली टीम अमेरिकन फुटबॉल खेळते. लांबट चेंडू छातीशी धरून धावायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं, असा तो खेळ. दोह्याच्या शाखेत ना टीम ना मैदान, पण फॅन आहेत. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आमच्याकडे पहाट असते, आणि बहुतेकांना कामावर किंवा वर्गात जायचं असतं. म्हणून आम्ही मॅच रेकॉर्डिंगवर, सगळे जमल्यावर, कॉलेजच्या हॉलमध्ये बघतो. तोपर्यंत कुणी स्कोअर बघायचा नाही. फोनचं इंटरनेट बंद ठेवायचं. तरीही कुणाला चुकून निकाल कळलाच, तर त्याने आल्या आल्या हात वर करायचा आणि शेवटच्या रांगेत गप्प बसायचं. हा नियम आमच्या लॅबच्या सरांनी केला. ते स्वतः अमेरिकन, तरुणपणी मूळ कॉलेजातच शिकलेले. ते म्हणायचे, "मागच्या रांगेकडे वळून बघू नका. ती माणसं मॅच बघत नसतात, तुमची तोंडं बघत असतात." सर इंग्रजीत बोलतात, मी मराठीत लिहितोय.

पप्पांना या सगळ्याचं फार कौतुक. ते दोह्यातल्या द पर्ल या श्रीमंत वस्तीतल्या इमारतींचे एसी दुरुस्त करतात. मला कॉलेजात मिळालेली टोपी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांच्या सुपरवायझरने एकदा विचारलं, "कॉलेजला कोण जातं, तू की तुझा मुलगा?" पप्पा म्हणाले, "दोघं एकाच वर्गात आहोत."

मॅच बघायला त्यांना वेळ नसायचा. मग मी ती त्यांना सांगायचो. जेवताना ताटाच्या कडेला वाटाणे मांडून, ते साइटवर असले तर फोनवर. त्यांची एकच अट असायची. "निकाल आधी सांगू नकोस. क्रमाने सांग." आणि दर दोन वाक्यांनंतर विचारायचे, "मग? उठला का तो?" कुणी आडवा पडला की त्यांना आधी तेवढंच हवं असायचं. गुण नंतर.

ऑक्टोबरात त्यांना खोकला सुरू झाला आणि थांबेना. आम्ही सगळ्यांनी एसीच्या धुळीला दोष दिला. डिसेंबरात ते वसईला गेले. आजारपण आपल्या माणसांत काढलेलं बरं, असं म्हणाले. आत्याकडे राहिले. तिथल्या हॉस्पिटलात फुप्फुसातला तुकडा काढून तपासायला दिला. परतीचं तिकीट जानेवारीच्या सुरुवातीचं काढलेलं होतं. आई इथल्या एका नर्सरीत मुलं सांभाळते, तिला रजा मिळेना, म्हणून आम्ही दोघं दोह्यातच, अल गराफातल्या घरी थांबलो. तो नाताळ आमच्याकडे एका वाक्याचा होता, "रिपोर्ट यायचा आहे." आई ते फोनवर म्हणायची, चर्चमध्ये म्हणायची, करंज्या तळताना स्वतःशी म्हणायची. मी रोज विचारायचो, आणि ती म्हणायची, "सुट्ट्या आहेत ना तिकडे. येईल."

त्याच दिवसांत आमची टीम 'बोल'मध्ये पोचली. सीझन संपल्यावर निवडक टीमना बोलावून जी मोठी मॅच खेळवतात तिला बोल म्हणतात. पप्पा तिला वाडगा म्हणायचे. "वाडग्यासाठी एवढी मारामारी? घरी ताटवाट्या नाहीत का त्यांच्या?"

समोरच्या टीमचा कप्तान तोंडाळ होता. मॅचच्या आधी त्याने कॅमेऱ्यासमोर आमच्या टीमची टर उडवली, आणि मग आमचीही. आमच्या कॉलेजचे अर्धे फॅन वाळवंटात उंटावर बसून मॅच बघतात, असं तो म्हणाला. हरल्यावर रडले तरी अश्रू वाळूत जिरतील, कुणाला दिसणार नाहीत. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा फिरला की मला त्याचे शब्द पाठ झाले. मी पप्पांना फोनवर सांगितलं. ते हसले, त्यांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग ते म्हणाले, "त्याला म्हणावं, इकडे ये. उंटाचा एसी बिघडलाय."

मॅच शुक्रवारी पहाटे झाली. आम्ही दुपारी बघणार होतो. गुरुवारी संध्याकाळी मी फोनचं इंटरनेट बंद केलं. एरवी आई यावर कुरकुर करते, गावाकडून कुणाचा मेसेज आला तर, असं म्हणते. त्या दिवशी तिने स्वतःहून विचारलं, "बंद केलास ना? बंदच ठेव. उद्या मॅच झाली की चालू कर." मला बरं वाटलं. वाटलं, पप्पांसारखी तीही आता फॅन झाली. सकाळी ती मिस्साला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा आली. डोळे सुजलेले होते. चर्चमध्ये धुपाचा फार धूर होता, म्हणाली.

हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जण असू. पुण्याचा एक सीनियर आहे, त्याचे वडील गॅस कंपनीत इंजिनियर आहेत. हॉलमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा तेवढाच. तो आत आला आणि दारातच त्याने हात वर केला.

"नाही," सगळे ओरडले.

"काय करू? बाबांच्या ऑफिसमधल्या माणसाने सकाळी गुड मॉर्निंगच्या जागी स्कोअर पाठवला," तो म्हणाला आणि चिप्सचं पाकीट घेऊन मागे जाऊन बसला. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारली. "भावा, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. मी खोटं बोलण्यात कच्चा आहे."

मॅच वाईट सुरू झाली. तो कप्तान खरोखर चांगला खेळत होता, हे म्हणायला त्या हॉलमध्ये कुणी तयार नव्हतं. प्रत्येक गुणानंतर तो कॅमेऱ्याकडे बघून उंटावर बसल्यासारखा डुलायचा. आमच्यापैकी दोघं-तिघं शिव्या देत होते, एकाने टोपी तोंडावर ओढून घेतली. मी मागे वळायचं नाही असं ठरवलं होतं, तरी वळलो. पुण्याचा सीनियर खुर्चीत आरामात रेलून चिप्स खात होता. पडद्यावर त्याची नजर नव्हतीच. तो आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत होता, त्याची नजर माझ्यापाशी आली आणि पटकन चिप्सकडे वळली. तेव्हाच मला कळलं की आपण जिंकणार.

जिंकलो. मागे पडलेले गुण भरून काढून आम्ही जेमतेम पुढे गेलो होतो, आणि शेवटच्या खेळीला त्यांना गुणाच्या रेषेपर्यंत हातभर जागा हवी होती. कप्तानाने चेंडू दुसऱ्याला न देता स्वतःकडे ठेवला आणि मध्ये घुसला, आणि आमच्या पोरांनी त्याला रेषेच्या अलीकडे आडवं केलं. हॉलमध्ये खुर्च्या पडल्या. सर त्यांच्या वयाला न शोभेल असं नाचले.

नंतर कुणीच घरी जाईना. चहा आला, खजूर आला.

"उंट तयार ठेवा रे," एक जण म्हणाला. "साहेबांना एअरपोर्टला सोडायचंय."

"उंट नाही म्हणतोय. हरलेली भाडी घेत नाही."

"अश्रू कुठे जिरले पण? तिकडे तर गवत आहे."

सर म्हणाले, "शेवटी तो आमच्या सगळ्या पोरांशी हात मिळवायला आला. कुणी पाहिलं का?"

"सर, दाखवू नका," सीनियर म्हणाला. "आम्हाला तो वाईटच हवाय. निदान सोमवारपर्यंत."

सगळे हसले, मीही हसलो. मग त्याने मला त्याच्या गाडीतून अल गराफापर्यंत सोडलं. वाटेत मी विचारलं, आधीच सगळं माहीत असताना कसं वाटतं?

"बोअर," म्हणाला. "आणि विचित्र. तुम्ही घाबरत होता ना, तेव्हा वाटत होतं, सांगून टाकावं. पण सांगितलं असतं तर तुमचं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं असतं. मग नुसतं बघत बसलो. आणि ही तर चांगली बातमी होती." आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. "यल्ला, चल, उतर. काकूंना नमस्कार सांग."

घरी खिडकीत नाताळाचा तारा अजून लावलेला होता. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती, तिच्यापुढे काहीच नव्हतं, भाजी नाही, फोनही नाही. आम्ही जिंकलो म्हणून मी सांगितलं. ती म्हणाली, "छान झालं," आणि माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पांना सांग आधी. वाट बघतायत."

माझं इंटरनेट अजून बंदच होतं, आईने आतून स्वतःचा फोन आणून व्हिडिओ कॉल लावून दिला. आत्याने फोन उचलला आणि पप्पांसमोर धरला. ते उशांना टेकून बसले होते, डोक्यावर टोपी होती. चेहरा लहान झाला होता, टोपी कपाळावर उतरली होती. मी नेहमीसारखं क्रमाने सांगायला लागलो. पहिला गुण त्यांचा. दुसराही त्यांचा. आमचा एक जण पडला. मी थांबलो, कारण इथे ते विचारतात.

त्यांनी विचारलं नाही. "हं. पुढे," म्हणाले.

मी म्हणालो, "उठला तो, पप्पा."

"चांगलं झालं."

मी पुढे सांगत गेलो. आम्ही फार मागे पडलो होतो तो भाग आला, तिथे ते हसत होते. मला वाटलं, आवाज तुटक पोचत असेल. मग माझ्या लक्षात आलं की त्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नाही. ते माझं तोंड बघत होते. कपाळ, नाक, हनुवटी, असं एकेक. मी मान वर केली तर टेबलापलीकडून आईही तेच करत होती. आत्याचा हात हलला आणि फोनवर छताचा पंखा दिसला, मग पुन्हा पप्पा.

मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला काहीतरी माहीत आहे ना?"

आई उठून उभी राहिली. पप्पांनी टोपी मागे सारली.

"मॅचचं मला काही माहीत नाही, पोरा," ते म्हणाले. "मॅच पुढे सांग."

मी सांगितली. कशी सांगितली ते आता आठवत नाही. शेवटच्या खेळीपर्यंत आलो, कप्तान स्वतः चेंडू घेऊन घुसला, आडवा झाला, आम्ही जिंकलो. पप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"उठला का तो?" त्यांनी विचारलं.

"कोण, कप्तान?"

"हो."

"उठला. सगळ्यांशी हात मिळवला त्याने."

"मग झालं," ते म्हणाले. "मग उगाच हसू नका त्याला. खलास." त्यांना खोकला आला आणि आत्याने फोन बाजूला घेतला. नंतर करू, म्हणाली. फोन बंद झाला.

आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने माझा हात धरला, सोडला, टेबलावरचं न सांडलेलं खरकटं पुसल्यासारखं केलं.

"त्यांनीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "त्याची मॅच होऊ दे, म्हणाले. एवढं तरी नीट बघू दे त्याला. गुरुवारी वसईच्या ग्रुपवर सगळे प्रार्थनेचे मेसेज टाकायला लागले, म्हणून तुला फोन बंदच ठेव म्हटलं." मग तिने श्वास घेतला. "आपण त्या दिवशी पप्पांना एअरपोर्टला सोडायला गेलो ना, तेव्हाच मला—"

"आई," मी म्हणालो, "क्रमाने नको. आधी शेवटचं सांग."

तिने सांगितलं. रिपोर्ट नाताळाच्या आधीच आला होता. कॅन्सर आहे, दोन्ही फुप्फुसांत, आणि हाडांतही पोचलाय. ऑपरेशन करता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. पप्पा आता इथे परत येणार नाहीत, आपल्यालाच जायचं आहे, आणि लवकर.