शरीर फसत नाही, असं मी म्हणाले होते

तेजू गेली, त्याला आज वर्ष झालं. ती जन्माला आली त्यात माझ्या एका चुकीचा हात होता.

हे तिच्या आईला विचारून लिहितेय. वंदना म्हणाली, "लिही. पोरीचं नावबी लिही. लपवाचं का आहे त्यात?"

वंदना माझी बी.एस्सी.ची मैत्रीण. कामठ्याहून एसटीने गोंदियाला यायची. दोघींचा विषय झूऑलॉजी.

शेवटच्या वर्षी तिला एक मुलगा आवडला. राइस मिलमध्ये कामाला होता. अंगाला कायम कोंड्याचा आणि घामाचा वास.

"मले तो वास आवडते," ती म्हणाली. "पागल झाली का मी?"

मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. जोडीदार निवडताना माणूसही नकळत वास घेतो म्हणे. ज्याची रोगप्रतिकारक शक्ती आपल्यापेक्षा वेगळी, त्याचा वास आवडतो. मुलं धडधाकट व्हावीत म्हणून उत्क्रांतीने केलेली ही सोय.

मला ते इतकं आवडलं होतं की कुणाला तरी सांगायचंच होतं.

वंदनाकडे तेव्हाच सिकलसेलचं पिवळं कार्ड होतं. म्हणजे ती वाहक. तिला स्वतःला त्रास नाही. पण नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मुलाला पूर्ण आजार होईल. आमच्याकडे बऱ्याच घरांत हे कार्ड असतं.

मिलमधल्या त्या मुलाची तपासणी झालेली नव्हती.

"त्याले कॅम्पात पाठवू का?" तिने विचारलं. "पण त्याच्या घरचे म्हणतीन, पोट्टी आतापासूनच रक्त मागून राहिली."

"काही गरज नाही, वंदे. वास आवडला म्हणजे जीन्स वेगळेच असणार. शरीर फसत नाही."

मी वर्गात पहिली यायचे. तिने ऐकलं आणि लग्न केलं.

शास्त्र असं म्हणत नव्हतं. ते फक्त रोगप्रतिकारक जीन्सबद्दल होतं, आणि त्यावरही एकमत नाही. सिकलसेलचा वास कुणालाच येत नाही. ती जोड माझी.

तेजू दहा महिन्यांची असताना तिचे हातपाय सुजले. मग तिच्या वडलांचं रक्त तपासलं.

त्यांनाही पिवळं कार्ड मिळालं. तेजूला लाल, म्हणजे पूर्ण आजाराचं.

वंदना मला कधीच काही बोलली नाही. मी मात्र तिच्या घरी जाताना दर वेळी घाबरायचे, की आज बोलेल.

तेजू बारावीत असताना एकदा तिला स्कूटरवर सारस दाखवायला नेलं. कामठ्याच्या पुढे, धानाच्या बांधीत जोडी उतरली होती. पंख पसरून उड्या मारत होती.

"हे का करून राहिले, मावशी?"

"एकमेकांना जोखताहेत. नाचायला ताकद लागते. तब्येत कशी आहे ते कळतं."

"मंग माहा काही नंबर नाही लागत. मी नाचली का दुसऱ्या दिवशी सलाइन."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"तू काऊन घाबरून राहिली? आईनं सांगतलं मले. वासाचं."

सोळा-सतरा वर्षं ज्याची भीती बाळगली ते असं, बांधावर उभ्या उभ्या समोर आलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"थांब," ती म्हणाली. "तू बाबाले तपासाले लावलं असतं, त आईनं लगन नसतं केलं. मंग मी राहिलीच नसती. माफी कोणाले मागतली असती?"

तिला काय काय सोसावं लागलं ते मी पाहिलंय. ती या जगात नसती तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलेलं नाही. दोन्ही खरं आहे. मी ते जुळवू शकत नाही.

उत्क्रांती वर्गात मी अजूनही शिकवते. कोण का आवडतं, हे ती थोडंफार सांगू पाहते. पुढे ती दोघं सुखात राहतील, असं वचन ती कुणालाच देत नाही. पोरांना हे वाक्य मी आता दोनदा सांगते.

शेवटच्या महिन्यात तेजू दवाखान्यात होती. माझी मुलगी सायली भेटून बाहेर गेली, तशी तेजूने मला जवळ बोलावलं. सायलीला, तिच्या तायडीला, माझ्यासारखंच पिवळं कार्ड आहे.

"तायडीच्या टायमाले वास घेऊ नको," ती म्हणाली. "रिपोर्ट घेजो."

गेल्या आठवड्यात सायलीचा नागपूरहून फोन आला. "आई, एक मुलगा आहे. का आवडला ते सांगताच येत नाही."



सहा दिवस मी त्याच्या तपासणीचं विचारलं नाही. मुलगी दुखावेल, तो काय म्हणेल, त्याच्या घरचे काय म्हणतील. वंदना तेव्हा ज्याला घाबरली होती, तेच सगळं. आणि खरं लिहायचं तर, उत्तराचीच भीती जास्त.

आज सकाळी वंदनाकडे गेले. तेजूच्या फोटोला हार घातला. तिथूनच सायलीला मेसेज केला. "त्याची सिकलसेलची तपासणी झाली आहे का? नसेल तर आधी ती."

तिचं आलं, "आई, तू सीरियस आहेस?"

मी लिहिलं, "हो."

दुपारी आलं, "त्याने रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी."

दोघं वाहक निघाले तरी मार्ग असतात, गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते, हे मला माहीत आहे. इतरांना मी ते समजावतेही. तरी सोमवारी काय येईल आणि मी काय बोलेन, माहीत नाही.

एवढंच माहीत आहे, की "शरीर फसत नाही" असं या वेळी म्हणणार नाही.

तेजू, रिपोर्ट मागितला गं. तुझं ऐकलं.

आता तू निवांत राह, बाई. मावशीचा नमस्कार घे.