पेन्सिलीच्या खुणा

मुलांनी तिचं नाव स्पेलिंगबाई ठेवलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. व्हरांड्यात कुणी पोरगं घाईघाईने जाताना दिसलं की ती अडवायची. "कुठे निघाली स्वारी?" "पाणी प्यायला, बाई." "मग पाण्याचं इंग्रजी स्पेलिंग सांग आणि जा." तहानलेली पोरंही हसत सांगायची आणि पळायची. तिने कधी कुणावर हात उगारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. इंग्रजी ही आपल्याकडे आलेली पाहुणी आहे, पाहुण्यांशी बोलताना सगळेच थोडे अडखळतात, असं ती पहिल्याच तासाला सांगून टाकायची. त्यामुळे तिच्या वर्गात चुकायची भीती नसे. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात ती इतकी चांगली दिसणार नाही.

त्या शाळेत इंग्रजी शिकवणारे पाच जण होते. शिक्षण कार्यालयाकडून दरवर्षी एक पुस्तक यायचं. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना ती कशी शिकवावी, याबद्दलचं. पुस्तक इंग्रजीत आणि प्रत एकच. शनिवारी मुलं घरी गेली की शिक्षकांच्या खोलीत बसून ते वाचायचं आणि वर्षाखेरीला अहवाल पाठवायचा, असा नियम होता. पण शनिवारी दुपारी पोटात कावळे ओरडत असताना पुस्तक कोण वाचणार? म्हणून सोय झाली ती अशी. स्पेलिंगबाई सगळ्यांत अनुभवी, तेव्हा तिने पुस्तक घरी न्यावं आणि पेन्सिलीने खुणा करून आणावं. महत्त्वाच्या ओळीखाली रेघ आणि वर्गात करून पाहण्याजोगं काही असेल तिथे समासात बरोबरची खूण. बाकीच्यांनी तेवढंच वाचायचं. मुख्याध्यापकही तेवढंच वाचून अहवालावर सही करायचे.

"बाईंची पेन्सिल म्हणजे चाळणी," ते म्हणायचे. "कोंडा त्यांना, पीठ आपल्याला."

सुरुवातीची काही वर्षं तिने खरोखरच पान न् पान वाचलं. मग पुस्तकं बदलली. वाक्यं लांबच लांब झाली, कर्ता एका टोकाला तर क्रियापद भलत्याच टोकाला. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. पाठ्यपुस्तकाचं इंग्रजी तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखं माहीत होतं, अंधारातही हात बरोबर डब्यावर पडावा इतकं. हे मात्र परक्याचं घर होतं. आणि सांगायचं कुणाला? गणिताच्या सरांनी सांगितलं असतं तर चाललं असतं. इंग्रजीच्या बाईने इंग्रजी पुस्तक कळत नाही म्हणणं म्हणजे न्हाव्याने वस्तरा धरता येत नाही म्हणण्यासारखं.

मग तिने वाट काढली. प्रत्येक प्रकरणात मधूनमधून चौकटी असायच्या. एका शिक्षिकेने असं केलं, मुलाने तसं उत्तर दिलं, अशा वर्गातल्या छोट्या गोष्टी. त्या सोप्या असत, तिला कळत. तिथे ती बरोबरची खूण करायची. उरलेल्या मजकुराखाली थोड्याथोड्या अंतराने रेघा ओढायची, एकाच पानावर फार होऊ नयेत एवढी काळजी घेऊन. कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. पहिल्या वर्षी तिला पुस्तक परत देताना घाम फुटला होता. पुढे पुढे फुटेनासा झाला.

त्या वर्षी एक नवी बाई नोकरीला लागली. पोरसवदा, हुशार आणि अजून कायम न झालेली. दुसऱ्याच दिवसापासून ती स्पेलिंगबाईला ताई म्हणू लागली. डबा उघडताना शेजारी बसायची, फळ्यावरचं अक्षर कसं मोठं काढायचं ते विचारायची.

"ताई, तुम्ही खूण केलेलं मी सगळं वर्गात करून बघते बरं का."

"बघ, बघ," स्पेलिंगबाई म्हणाली. डब्यातली भाजी तिच्यापुढे सरकवून तिने विषय बदलला.

नव्या बाईने खरंच सगळं केलं. चित्रं पाहून गोष्ट सांगायची, ते केलं. जोडीजोडीने बोलायचं, तेही केलं. मग एका चौकटीत होतं की चुकलेल्या मुलाने उभं राहायचं, दुसऱ्या कुणी चूक सुधारेपर्यंत उभंच राहायचं आणि मग बरोबर वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा म्हणायचं. समासात ठळक खूण होती. नव्या बाईला स्वतःला ते काही पटलं नव्हतं. पण ताईंनी खूण केली आहे म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं म्हणून तिने तेही सुरू केलं.

त्या वर्गात खिडकीपाशी एक मुलगी बसायची. बोलायला उत्सुक, पण जीभ अजून न वळलेली. जी मुलगी जास्त बोलणार ती जास्त चुकणार, म्हणजे सगळ्यांत जास्त उभी तीच. काही दिवसांनी ती इंग्रजीच्या तासाला बोलेनाशी झाली. मग इतर तासांनाही. मग एका शुक्रवारी तिची आई शाळेत आली. कपडे धुण्याच्या दुकानात कामाला होती, हात पाण्याने सुरकुतलेले, तशीच कामावरून आली होती.

"माझी पोर घरात नुसती बडबड करायची," ती मुख्याध्यापकांना म्हणाली. "भिंतीशी बोलायची. आता शाळेची पिशवी बघितली की तिला उलटी होते. काय केलंत तुम्ही तिचं?"

मुख्याध्यापकांनी नव्या बाईला बोलावलं. स्पेलिंगबाई तिथेच खडू घ्यायला आली होती.

"कुणी सांगितलं हे असलं करायला?"

"पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकात असं लिहिलेलं असेल?" ते स्पेलिंगबाईकडे वळले. "बाई, तुम्ही एवढं करा. पुस्तक घरी न्या, ते प्रकरण बघा आणि सोमवारी सांगा. पुस्तकात असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर यांना कायम करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

चोरालाच पंच नेमलं होतं.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. रविवारी दुपारी त्याने दुकान बंद ठेवलं होतं. ती जेवणाच्या टेबलावर पुस्तक आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसलेली पाहून त्याने खुर्ची ओढली.

"आज काय परीक्षा आहे की काय?"

"आहे. मी अक्षरं सांगते, तू शब्द शोध. तुझी नजर बारीक आहे."

"जन्मभर लोकांच्या पोरांना शिकवलंस, आणि शब्द शोधायला मी?" पण त्याने चष्मा पुसला. घड्याळाचे स्क्रू शोधावेत तशा निगुतीने तो एकेक शब्द शोधू लागला, आणि अर्थ मोठ्याने वाचून दाखवू लागला.

चौकटीनंतरचं पान त्या दोघांनी तासाभरात पार केलं. लेखक म्हणत होता की वर दिलेली पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण ती टाळावी म्हणूनच इथे मुद्दाम दाखवली आहे. अशा वर्गातली मुलं आधी वाक्य सोडतात, मग शब्द सोडतात, आणि सगळ्यांत आधी गप्प होतात ती, ज्यांना बोलायची सगळ्यांत जास्त हौस असते.

"मग बरंच झालं," नवरा म्हणाला. "असं करू नका, असंच पुस्तकात लिहिलंय. सांग तसं त्यांना."

"हो," ती म्हणाली.

तो चहा टाकायला आत गेला. तिने खोडरबर घेतला आणि समासातली खूण पुसली. कागद जरा खरवडला गेला, तो तिने बोटाने दाबून सपाट केला. खोडरबराचा चुरा फुंकून टेबलाखाली उडवला. नवरा चहा घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "साखर कमी पडली." त्याने पाहिलं, तर तिने अजून कपाला तोंडही लावलं नव्हतं.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत तिघंच होते. स्पेलिंगबाईने सगळं खरं सांगितलं. म्हणजे पुस्तकात काय आहे तेवढं खरं. चौकट ही उदाहरण म्हणून दिली आहे, करू नये अशा गोष्टीचं, आणि पुढच्याच पानावर तसं स्पष्ट लिहिलं आहे.

"म्हणजे तुम्ही अर्धवट वाचलंत," मुख्याध्यापक नव्या बाईला म्हणाले.

"पण सर, त्याच्यापुढे..." नव्या बाईने पुस्तक उघडलं. पान तिला तोंडपाठ होतं, पटकन सापडलं. बोट समासावर गेलं आणि तिथेच थांबलं. खरवडलेल्या जागेवरून तिने ते एकदा फिरवलं. मग तिने वर पाहिलं. मुख्याध्यापकांकडे नाही, स्पेलिंगबाईकडे. तिच्या नजरेत राग नव्हता. एखादी गोष्ट आपल्याला कळली, पण कळली नसती तर बरं झालं असतं, अशी ती नजर होती.

"माझंच चुकलं, सर," ती म्हणाली. "पुढचं पान वाचायला हवं होतं."

आणि पुस्तक मिटून तिने टेबलावर ठेवलं.

मुख्याध्यापकांनी लिहिण्यासाठी पेन उघडलं. स्पेलिंगबाईला वाटलं, आता गप्प राहिलं की झालं, एवढंच तर करायचं आहे. आणि नेमकं तेवढंच तिला जमेना. मेल्याहून मेल्यासारखं होणं, या वाक्प्रचाराचा अर्थासहित वाक्यात उपयोग तिने शाळेत असताना अनेकदा केला होता; अर्थ आता कळत होता.

"सर, तिथे माझी खूण होती," ती म्हणाली. "करून पाहा, अशी. काल मी ती पुसली."

"पुसली म्हणजे?"

"खोडरबराने." तिचा आवाज वर्गात येतो तसा खणखणीत आला, आणि त्याचीच तिला लाज वाटली. "मी ते पुढचं पान वाचलंच नव्हतं. कितीतरी वर्षं मी पुस्तक नीट वाचतच नाही. मला कळत नाही. चौकटी कळतात, म्हणून चौकटींवर खुणा करते. या नव्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काही केलं नाही."

"कळत नाही म्हणजे काय, इंग्रजी?"

"इंग्रजी."

मुख्याध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. त्यांच्या कपाटात एवढ्या वर्षांच्या अहवालांच्या प्रती होत्या, सगळ्यांवर त्यांची सही होती. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "बसा, बसा," ते म्हणाले, पण ती बसली नाही.

नव्या बाईच्या नोकरीला धक्का लागला नाही. स्पेलिंगबाईचीही गेली नाही. इतक्या वर्षांच्या बाईला काढायचं तर कारण कागदावर लिहावं लागलं असतं, आणि ते लिहायची कुणाची तयारी नव्हती. शनिवारी आता एकेक पान मोठ्याने वाचलं जातं. भूक लागते, कुणी कुरकुरतं, तरी वाचलं जातं. ज्याला कळत नाही त्याने तसं सांगायचं. पहिल्यांदा स्पेलिंगबाईनेच सांगितलं. नव्या बाईने तिला वाक्य सोडवून दाखवलं, कुठेही उणंदुणं न बोलता. "यातला कर्ता हा इथे आहे, मॅडम," ती म्हणाली. ताई हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. स्पेलिंगबाईने तो मागितलाही नाही.

मुलीच्या आईकडे ती स्वतः गेली. दुकानाच्या मागच्या दाराशी, वाफेत उभं राहून तिने आपली चूक सांगितली. आई इस्त्री खाली न ठेवता ऐकत राहिली. "हे तुम्ही मला काय सांगता?" ती शेवटी म्हणाली. "तिला सांगा."

म्हणून स्पेलिंगबाई त्या वर्गात गेली. नव्या बाईच्या परवानगीने, तिच्याच तासाला. सगळ्या वर्गाला तिने सांगितलं की चुकल्यावर उभं राहायची पद्धत चुकीची होती, आणि ती चूक तुमच्या बाईंची नव्हती, माझी होती. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मग बाई, तुम्ही उभ्या राहणार का?" वर्ग हसला. तीही हसली, आणि राहिली उभी, तास संपेपर्यंत, फळ्याशेजारी.

आता ती आठवड्यातून काही तास त्या वर्गात मागे बसते. नवी बाई शिकवते. खिडकीपाशी बसणारी मुलगी हल्ली पुन्हा बोलते, थोडं, खालच्या आवाजात. पण तोंड उघडायच्या आधीच ती उठून उभी राहते. चुकली नसली तरी, कुणी सांगितलं नसलं तरी. आपण चुकणारच, असं धरून चालल्यासारखी.

"बस, बाळ, बसून सांग," स्पेलिंगबाई मागून म्हणते. मुलगी बसते, बाकाच्या कडेवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठते.